बाण किती रुततो याची चाचणी: फोममधल्या पाव इंचाचा अर्थ

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपल्याकडे 48 पौंड खेचबलाचा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) आहे, पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला धनुष्य घेऊन जाण्याचा हा आपला पहिलाच हंगाम आहे, आणि बाण निवडण्यासाठी आपण घरामागच्या फोमच्या टार्गेटवर दोन प्रकारचे बाण मारून पाहिले. 470 ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचे एकक) बाण सेकंदाला 168 फूट वेगाने गेला आणि साडेदहा इंच रुतला. 640 ग्रेनचा बाण 147 फूट वेगाने गेला आणि पावणेअकरा इंच रुतला. यावर आपण विचारता की, एवढ्या पाव इंचासाठी जड बाण घेऊन लांबच्या अंतरावर तो इतका खाली येणे का पत्करावे?

आपली मापे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही, कारण फोमने ज्या गोष्टीचे उत्तर दिले ती गोष्ट आपण विचारलीच नव्हती. हे का, ते आधी सांगतो आणि मग मी स्वतः चाचणी कशी घेतो त्याकडे वळतो. मी पंधरा-सोळा वर्षे रिकर्व्ह आणि लाँगबो घेऊन शिकार करतो आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी चुकांमधून शिकलो आहे.

प्रथम आकडे पाहू. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. त्या हिशेबाने आपला हलका बाण साडेतीस ग्रॅमचा आणि जड बाण साडेएकेचाळीस ग्रॅमचा आहे. हलक्या बाणाची गतिज ऊर्जा सुमारे 39.9 ज्यूल भरते आणि जड बाणाची 41.6 ज्यूल, म्हणजे फरक जेमतेम चार टक्के. जड बाणाला थोडी जास्त ऊर्जा मिळते याचे कारण असे की, धनुष्य जड बाण ढकलताना साठवलेल्या शक्तीतला जास्त वाटा बाणाला देते आणि कमी वाटा स्वतःची पाती व दोरी हलवण्यात घालवते. आता संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, पाहा. हलक्या बाणाचा 1.56 आणि जड बाणाचा 1.86 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो, म्हणजे फरक एकोणीस टक्क्यांचा. त्याच धनुष्यातून सुटलेल्या या दोन बाणांत ऊर्जेचा फरक नगण्य आहे आणि संवेगाचा फरक मोठा आहे. तेव्हा आपण निवडलेले माध्यम या दोहोंपैकी कशाला प्रतिसाद देते, यावर सारे अवलंबून राहते.

फोम बाणाला अडवतो तो मुख्यतः दांडीला बाजूने घट्ट धरून. बाण जितका आत जातो तितकी दांडीची अधिक लांबी फोमच्या पकडीत येते, म्हणून अडवणारे बल खोलीबरोबर वाढत जाते. स्प्रिंग दाबल्यासारखाच हा प्रकार आहे. अशा माध्यमात खोली ऊर्जेच्या प्रमाणात वाढत नाही, ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा चार टक्क्यांनी जास्त असेल तर खोली दोन टक्क्यांनी जास्त येईल आणि साडेदहा इंचांचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ पाव इंच. आपल्याला नेमका तेवढाच फरक मिळाला. आपले टार्गेट अगदी प्रामाणिकपणे वागले. त्याने फक्त ऊर्जा मोजली आणि तीही दाबून, लहान करून दाखवली.

हरणाच्या शरीरात दांडीला अशी पकड बसत नाही. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या धारदार टोकाची, पाती दांडीपेक्षा रुंद छेद घेत पुढे जातात, छेदाच्या कडा रक्ताने ओल्या होतात आणि दांडी त्यातून बऱ्याच मोकळेपणाने सरकते. फुप्फुस तर हवेने भरलेले, स्पंजासारखे असते. तिथे अडथळा येतो तो पुढच्या टोकाला: कातडे, बरगडी, स्नायू, आणि दैव आड आले तर खांद्याचे हाड. मऊ आणि ओल्या भागात वेगाचाही वाटा असतो, कारण जितक्या वेगाने एखादी वस्तू द्रवासारख्या माध्यमात शिरते तितक्या जास्त जोराने ते माध्यम तिला मागे ढकलते. निव्वळ असे माध्यम कल्पिले, तर बाणाचा वेग निम्मा होण्यास लागणारे अंतर त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. टोक तेच ठेवले तर आपल्या जड बाणाला ते अंतर छत्तीस टक्क्यांनी जास्त मिळेल. तो मुळात सावकाश निघाला असला, तरी हलक्या बाणाचा वेग निम्म्यावर येण्याआधीच त्याच खोलीवर जड बाण अधिक वेगाने चाललेला असेल. खरे शरीर या दोन टोकांच्या मधले असते हे मान्य, पण ते फोमच्या टोकाला मुळीच नसते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, फोमवर फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचे बिनपात्यांचे टोक, मारून मिळालेली खोली बाण निवडण्यासाठी वापरू नये. फोम नेमबाजीच्या सरावासाठी आहे आणि त्या कामासाठी उत्तमच आहे.

आपण लिहिले आहे की धनुर्विद्येचा आरंभ आपण भारतात स्पर्धात्मक नेमबाजीतून केला. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून अनेक मराठी घरांत मुले हा खेळ शिकू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या खेळात बाण टार्गेटमध्ये टिकला की त्याचे काम संपते. शिकारीच्या बाणाचे काम लागल्यानंतर सुरू होते. गोळीसारखा त्याच्यात धक्का नसतो. तो कापतो आणि रक्तस्राव घडवतो, एवढेच त्याचे साधन. तो दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण बहुधा काही सेकंदांत, शंभर-एक यार्डांच्या आत कोसळते, आणि खालच्या बाजूला पडलेल्या दुसऱ्या छिद्रातून जमिनीवर रक्ताचा माग राहतो. तो अर्ध्यात थांबला तर प्राणी तासन्‌तास यातना भोगतो आणि बहुधा सापडत नाही. चाचणी घ्यायची ती यासाठी. (भारतातल्या वाचकांसाठी स्पष्ट लिहितो की, तिथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हे सारे विवेचन अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरतेच आहे.)

चाचणीत काय मोजायचे याविषयीचे माझे मत एका वाईट अनुभवातून बनले आहे. सहाव्या की सातव्या हंगामात माझ्याकडे तीन पात्यांचे, सुटे ब्लेड बसवलेले एक ब्रॉडहेड होते. 450 ग्रेनच्या बाणावर लावून फोममध्ये मारले, तेव्हा माझ्या संग्रहातल्या सगळ्या बाणांत ते सर्वांत खोल गेले होते. ऑक्टोबरच्या एका सकाळी अठरा यार्डांवर एक मादी उभी होती. मी बाण सोडला त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकले आणि बाण खांद्यावर लागला. कोरड्या लाकडावर लाकूड आपटावे तसा आवाज झाला. ती उसळून गेली. दांडीचा बराच भाग बाहेर लोंबत होता आणि चाळीस पावलांवर तो झाडीत गळून पडलेला मिळाला. टोक हातात घेऊन पाहिले तर अग्राचा दोन-तीन मिलिमीटरचा भाग कापलेल्या नखासारखा वळला होता, एक ब्लेड खाचेतून निसटले होते आणि मागचा ॲल्युमिनियमचा इन्सर्ट (दांडीत बसवलेला, टोक धरणारा तुकडा) एका बाजूला इतका वाकला होता की दांडी फिरवली की टोक गरगर वर्तुळ काढी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी जंगल पिंजून काढले. ती मिळाली नाही. आजही ते टोक माझ्या कामाच्या मेजावर आहे. बाण खोल गेला नाही याचे कारण शक्ती कमी पडली हे नव्हते. असलेली शक्ती टोक वाकवण्यात, ब्लेड निसटवण्यात आणि इन्सर्ट मोडण्यात खर्च झाली होती.

डॉ. एड ॲश्बी यांचे काम मी नंतर वाचले आणि माझ्या मेजावरच्या त्या टोकाचा अर्थ लागला. त्यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियात म्हशींवर, प्रत्यक्ष जनावरांच्या शरीरात बाण कसे वागतात याच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि बाण आत जाण्यावर परिणाम करणारे बारा घटक महत्त्वाच्या क्रमाने मांडले. लोकांना त्यांपैकी 650 ग्रेनचा आकडा तेवढा आठवतो, कारण त्या सुमाराच्या वजनापलीकडे जड हाड फोडण्याचे प्रमाण एकदम वाढते असे त्यांना दिसले. पण त्यांच्या क्रमात पहिला घटक वजन नाही. पहिला घटक बाण अखंड राहणे, आणि दुसरा त्याचे सरळ उड्डाण. वजन बरेच मागे येते. टोक वाकले किंवा दांडी तुटली, तर बाकीच्या दहा गोष्टी कितीही चांगल्या असोत, त्यांचा काही उपयोग होत नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर मी या क्रमाशी पूर्णपणे सहमत आहे आणि माझी चाचणीही त्याच क्रमाने चालते.

तेव्हा पहिली चाचणी खोलीची नसून उड्डाणाची असते. पिसे न लावलेला एक बाण आणि पिसे लावलेले तीन बाण, सगळ्यांवर त्याच वजनाचे फील्ड पॉइंट, आधी दहा, मग पंधरा, मग वीस यार्डांवरून मारावेत. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा बिनपिसांचा बाण इतरांच्या डावीकडे लागत असेल तर दांडी जास्त ताठ आहे. उजवीकडे लागत असेल तर ती जास्त लवचीक आहे. एक फसवणूक इथे नेहमी होते: फारच लवचीक दांडी सुटताना धनुष्याच्या बाजूवर आपटते आणि उसळून डावीकडे जाते, म्हणजे ताठ असल्याचे सोंग घेते. धनुष्याच्या त्या भागावर पावडर लावून पाहिले, तर दांडी घासल्याची खूण दिसते. हे सारे जुळल्यावर ब्रॉडहेड लावून पाहावे. ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट वीस यार्डांवर एकाच जागी लागेपर्यंत पुढची कोणतीही चाचणी घेण्यात अर्थ नाही, कारण तिरका लागणारा बाण आघाताच्या क्षणी धनुकलीसारखा वाकतो आणि त्याची शक्ती बाजूच्या लवलवण्यात जाते. आपल्या 640 ग्रेनच्या बाणाची दांडी तीच ठेवून आपण फक्त पुढे वजन वाढवले असेल, तर ती आता बहुधा जास्त लवचीक वागत असेल. आपल्या पत्रात दांडीच्या ताठपणाचा, म्हणजे स्पाइनचा, उल्लेखच नाही. खोलीच्या मापांपेक्षा मला त्याची अधिक काळजी वाटली.

दुसरी गोष्ट तुलनेची शिस्त. पारंपरिक धनुष्यात कॅम (कंपाउंड धनुष्याच्या टोकांची चाके) नसतो, खेच कुठे थांबवायची हे शरीर ठरवते. पूर्ण खेचेच्या जवळ दर इंचाला दोन-तीन पौंडांचा फरक पडतो आणि दमलेला माणूस नकळत अर्धा-पाऊण इंच कमी खेचतो. आधी हलक्या बाणांच्या दहा फेका आणि मग जड बाणांच्या दहा फेका घेतल्या, तर दुसऱ्या बाणावर आपल्या दमण्याचा भुर्दंड बसतो. म्हणून बाण आलटून पालटून मारावेत, प्रत्येक फेक क्रोनोग्राफमधून (बाणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रातून) जावी आणि वेग नेहमीपेक्षा चार-पाच फुटांनी कमी आला तर ती फेक नोंदवून बाजूला ठेवावी. प्रत्येक प्रकारच्या किमान दहा फेका हव्यात. सरासरीपेक्षा मी मधले मूल्य पाहतो, आणि त्याहूनही सर्वांत कमी रुतलेल्या दोन बाणांकडे जास्त बारकाईने पाहतो. ते का अडले, हेच शोधायचे असते. अंतर पंधरा ते वीस यार्ड ठेवावे. धनुष्याच्या अगदी तोंडाशी उभे राहून मारल्यास बाण अजून लवलवतच असतो आणि तो दोष आपण माध्यमाच्या माथी मारतो.

माध्यम कोणते घ्यावे, हा वादाचा विषय आहे आणि सर्व प्रश्नांना पुरे पडेल असे एकही माध्यम नाही. बॅलिस्टिक जिलेटिन नावाजलेले आहे, परंतु ते गोळ्यांसाठी घडवले गेले. दहा टक्क्यांचे, चार अंश सेल्सियसला थंड केलेले जिलेटिन गोळीने ऊतक कसे फाटते ते बऱ्यापैकी दाखवते, पण बाणाच्या दांडीला ते चिकटून धरते, तेव्हा फोमचाच दोष इथे वेगळ्या रूपात येतो. शिवाय ते महाग पडते आणि दोन-चार फेकांत निकामी होते. मातीचे टार्गेट टोकाची धार लपवते. बोथट टोकही चिखलात सहज शिरते.

मी वापरतो ते माध्यम घरी बनवता येते. जुनी वर्तमानपत्रे रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी पाणी निथळू देऊन, एका लाकडी खोक्यात एकावर एक दाबून बसवतो. खोक्याची पुढची बाजू उघडी, खोली दोन फूट. दर वेळी कागद वजन करून घेतो आणि खोके तेवढेच भरतो, कारण ओल्या कागदाचा घट्टपणा बदलला की मागच्या महिन्याच्या आकड्यांशी तुलनाच उरत नाही. ओला कागद हरणापेक्षा बराच कठीण असतो. त्यात आठ इंच गेलेला बाण हरणात किती जाईल, असा हिशेब कोणी मांडू नये. मी तो फक्त अ आणि ब यांची तुलना करण्यासाठी वापरतो. पुढे ओलसर कच्चे कातडे ताणून ठोकले की टोकाची धार लगेच उघडी पडते: चांगल्या धारेचे दोन पात्यांचे टोक कातड्यात रेषेसारखा स्वच्छ छेद घेते, आणि धार गेलेले टोक कातडे आधी आत ओढते, ताणते, मग फाडते. छेदाच्या कडेवर बोट फिरवले तरी फरक कळतो.

धारेचे हे महत्त्व नवे नाही. 1911 मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल इथे सापडलेला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला अखेरचा माणूस इशी, याच्याकडून सर्जन सॅक्स्टन पोप यांनी धनुर्विद्या शिकून घेतली. पोप यांनी हरणाचे कातडे लावलेल्या, गुरांच्या यकृताने भरलेल्या खोक्यावर पोलादी टोक आणि ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखी काचेचे टोक यांची तुलना केली, तेव्हा काचेचे टोक अधिक खोल गेले. पोप शरीराचे जाणकार होते. त्यांनी पेंढ्याच्या गाठोड्यावर न मारता कातडे आणि ओले मांस घेतले, म्हणूनच त्यांना ही गोष्ट दिसली. हाड मध्ये आले असते तर ती काच फुटली असती, हेही तितकेच खरे. माध्यम बदलले की उत्तर बदलते.

आता हाड. माझ्या दृष्टीने हीच मुख्य चाचणी आहे. खाटकाकडून डुकराच्या बरगड्यांचा सलग पट्टा आणि गाईच्या किंवा डुकराच्या खांद्याचे सपाट हाड मिळते. हाड ताजे हवे. वाळलेले हाड ठिसूळ होते आणि काचेसारखे तडकते, गोठवलेले हाड वेगळेच वागते. गाईचे हाड हरणाच्या हाडापेक्षा कितीतरी जड असते, तेव्हा त्यावर बाण थांबला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. तिथे पाहायचे ते एवढेच की बाण शाबूत राहिला का. आणखी एक चूक मी अनेकांच्या चाचणीत पाहिली आहे: ते हाड शिकंजात पक्के आवळतात. हरणाला गळ्याखालचे आडवे हाड (कॉलरबोन) नसते. त्याचे खांद्याचे हाड धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असते, त्यामुळे आघात झाला की ते थोडे मागे सरते, थोडे फिरते. आवळलेल्या हाडात हे काहीच होत नाही. मी हाड दोरीने टांगतो, मागे मांसाचा जाड तुकडा किंवा ओल्या कागदाचे खोके ठेवतो आणि पुढे कातडे सोडतो. काही फेका सरळ मारतो आणि काही मुद्दाम तिरक्या, कारण जंगलात हरीण नेहमी काटकोनात उभे राहत नाही. तिरक्या फेकेत काही टोके बरगडीवरून घसरून बाजूला जातात. हे दिसले की ते टोक माझ्या भात्यातून कायमचे जाते.

इथे सुरक्षेविषयी ठामपणे सांगतो. हाडावरून बाण उलटा उसळतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय, मागे भक्कम मातीचा बांध असल्याशिवाय आणि आसपासची माणसे-मुले-कुत्री आपल्या पाठीमागे असल्याशिवाय एकही बाण सोडू नये. कार्बनची दांडी हाडावर आपटली असेल तर ती पुन्हा धनुष्याला लावण्याआधी दोन्ही हातांत धरून चारी बाजूंनी हलकी वाकवून पाहावी आणि कान लावून ऐकावे. कुरकुर झाली किंवा बोटाला तंतू लागला तर ती दांडी तिथेच मोडून टाकावी. तडकलेली कार्बन दांडी सुटताना फुटून हातात घुसते.

प्रत्येक फेकेनंतर मी बाण बाहेर काढून तळहातावर टोक टेकवून फिरवतो. थोडीही थरथर जाणवली तर काहीतरी वाकले आहे. मग क्रमाने पाहतो: अग्र वळले का, धारेत दाते पडले का, टोकाचा मागचा गळा वाकला का, इन्सर्ट सरकला का, दांडीचे पुढचे तोंड चिरले का. वहीत खोलीच्या रकान्याआधी हा रकाना येतो. माझ्या वहीत असे बाण आहेत जे बरगडीपलीकडे अकरा इंच गेले पण वाकून गेले, आणि असेही आहेत जे नऊच इंच गेले पण जसेच्या तसे बाहेर आले. दुसऱ्या बाणावर माझा भरवसा जास्त आहे, कारण पहिल्याला थोडे जाड हाड मिळाले असते तर तो तीन इंचांवर थांबला असता. ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

टोकाच्या आकाराबाबत थोडक्यात. आपल्या धनुष्यासारख्या मध्यम ताकदीसाठी दोन पात्यांचे, एकसंध, लांबी रुंदीच्या तिप्पट असलेले टोक मी सुचवीन. लांब आणि निमुळती पाचर कमी जोरात अधिक आत जाते, हे लाकूड फोडणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. एकाच बाजूने धार लावलेली टोके हाडात शिरताना किंचित फिरतात आणि हाड चिरत नेतात, म्हणून ती मला आवडतात. मात्र धारेची बाजू आणि पिसांचे वळण एकाच दिशेचे हवे, नाहीतर उड्डाणातली फिरकी आणि हाडातली फिरकी एकमेकांविरुद्ध जातात. दांडी टोकाच्या गळ्यापेक्षा जाड नको, बारीक असावी. पेनसिल्व्हेनियाच्या नियमाप्रमाणे धनुष्य किमान 35 पौंडांचे आणि टोकाची कापणारी रुंदी किमान सात-अष्टमांश इंच लागते. या दोन्ही अटी आपण सहज पाळू शकता. इंचभर ते सव्वा इंच रुंदी आपल्याला पुरे. दीड इंचाची चार पाती 48 पौंडांच्या धनुष्यावर लावू नयेत, मग विकणारा काहीही सांगो.

समतोल बिंदूविषयी आपण विचारले होते. नॉकच्या, म्हणजे दोरी बसते त्या मागच्या, खाचेपासून दांडीच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी 29 इंच असेल आणि बाण खाचेपासून 19 इंचांवर तोलला जात असेल, तर मध्यबिंदूपासूनचे साडेचार इंच भागिले 29, म्हणजे साडेपंधरा टक्के भार पुढे आहे. तो एकोणीस-वीस टक्क्यांपर्यंत नेता आला तर चांगलेच, पण उड्डाण बिघडवून तो वाढवू नये. मी माझ्या बाणांत तो जड पितळी इन्सर्टने वाढवतो, कारण त्याच ठिकाणी ॲल्युमिनियम वाकते आणि पितळ टिकते. एका बदलात दोन कामे होतात.

आता आपल्या दोन बाणांबद्दल माझा निर्णय. हरीण मध्यम आकाराचे जनावर आहे. त्याची छाती आडव्या बाजूने सुमारे फूटभर रुंद, बरगड्या पातळ. सरळ उड्डाणाचा, धारदार आणि मजबूत टोकाचा 470 ग्रेनचा बाण फुप्फुसात लागला तर 48 पौंडांच्या धनुष्यातून आरपार जाईल, याबद्दल मला शंका नाही. फरक पडतो तो चुकलेल्या फेकेत, जेव्हा जनावर एक पाऊल टाकते आणि बाण दोन इंच पुढे लागतो. ती फेक प्रत्येकाच्या वाट्याला कधीतरी येते. तिच्यासाठी मी संवेगाची एकोणीस टक्क्यांची वाढ घेईन आणि मोबदल्यात माझे अंतर कमी करीन. जड बाण वीस यार्डांपलीकडे जास्त खाली येतो, हे आपले निरीक्षण खरे आहे. पण पारंपरिक धनुष्याने पहिल्या हंगामात वीस यार्डांपलीकडे मारूच नये, मग बाण कोणताही असो.

ऑक्टोबरला अजून वेळ आहे. 640 ग्रेनच्या बाणासाठी ताठपणाचे एक पाऊल वरची दांडी मागवा, पितळी इन्सर्ट बसवा, बिनपिसांच्या बाणाने उड्डाण जुळवा, आणि मगच ओला कागद, कातडे आणि बरगड्यांकडे या. हाडावर मारलेली टोके भात्यात परत ठेवू नका. ती वेगळ्या डब्यात, त्यावर खूण करून ठेवा, कारण नुसत्या डोळ्यांना सरळ दिसणारे टोकही एका आघाताने अशक्त झालेले असू शकते. शिकारीला न्यायची टोके नवी घ्या, त्यांना स्वतः धार लावा आणि हाताला ताणलेला रबरबँड नुसता धारेला टेकताच तुटतो का ते पाहा. तुटला नाही, तर पुन्हा दगडाकडे जा.